रिकाम्या स्टुलाकडे

पाडव्याच्या विक्रीची तयारी सुरू झाली, की जे. पी. नगरातल्या त्या नर्सरीत झेंडूचं पहिलं बी गर्भार सुनेनं पेरायचं, ही घरची रीत. रक्षितानं अंगाई गुणगुणत पेरलं. दोन-दोन पानांची कोवळी रोपं उगवली, ती उन्हाकडे पाठ करून, समोर स्टुलावर बसलेल्या तिच्या पोटाकडे झुकलेली.

“आत्याबाई, मला भीती वाटते.”

“नातवाला बघतायत गं माझ्या,” सासू चंद्राबाई हसल्या, पण त्यांनी ट्रे फिरवून पाहिला. रोपं पुन्हा तिच्याकडेच वळली. “सरी, ठीक आहे, जा घरी. स्वल्प, थोडीशी पड जा.”

रक्षिता स्टुलावरून उठून दारापर्यंत गेली. रोपं तिच्यामागे वळली नाहीत. ती रिकाम्या स्टुलाकडेच झुकून राहिली.

“परत ये,” चंद्राबाई कुजबुजल्या. “आधी इथं येऊन बस.”

रक्षितानं पोटावर हात ठेवला. आत काहीच हलत नव्हतं.