शिंगाळ्याची अंडी

डोणीतल्या शिंगाळा माशाने तोंड किंचित उघडलं आणि सत्यवतीच्या काळजात धस्स झालं. आत अंडी होती, गोट्यांएवढी, पिवळीधमक. मेला आपलीच अंडी गिळतोय!

नवाबाचं राज्य गेल्यावर तिच्या नवऱ्याने, चंदरने, त्याच्या तबेल्यातली घोड्यांना पाणी पाजायची ही दगडी डोण घरी आणली होती. तीत खाडीचं पाणी भरून त्याने मासा सोडला, लेकीला, गोदूला, पिल्लं दाखवायची म्हणून. आई गेल्यापासून पोर हसली ती या माशापायीच. सावत्र आईला, सत्यवतीला, ती 'ए' म्हणायची, नाहीतर काहीच म्हणायची नाही. आता पिल्लं गेली तर खापर आपल्याच माथी फुटणार, या धास्तीने सत्यवतीने पदर खोचला.

ती पालीकडची. समुद्र पाहिला तो लग्न करून इथे आल्यावरच. तिने डोणीत हात घातला. शिंगाळ्याच्या काट्याने तळहात फाटला, तरी तिने त्याला सोडलं नाही. जबडा उघडून सगळी अंडी काढली आणि परातीत, विहिरीच्या स्वच्छ गोड्या पाण्यात ठेवली. मग हाताला चिंधी बांधून मोठ्या आशेने गोदूची वाट बघत बसली.

बापलेक किनाऱ्यावरून आली. परात पाहताच गोदूने किंकाळी फोडली.

"अगो, खात नव्हता तो," चंदर परातीवर वाकला. "नर हाय. पिल्लं निघेस्तोवर अंडी तोंडात धरून उपाशी फिरतो. आन् गोड्या पान्यात ती जगतील व्हय?"

अंडी पांढरी पडली होती. एक तेवढं अजून पिवळं होतं. चंदरने ते डोणीत सोडलं. शिंगाळ्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रडणाऱ्या गोदूला उचलून चंदर आत गेला. सत्यवती डोणीपाशी एकटीच उरली.

संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या वेणूबाईने हाक मारली, "सत्ये, हात लय सुजला का गो?" सत्यवतीने नुसती मान हलवली. तिने दोघांना भात वाढला, स्वतः घेतला नाही.

"मी रागावलो न्हाय," चंदर म्हणाला. "पानी तरी पी."

तिने पुन्हा मान हलवली.

"तोंड शिवलंस काय? बोल की!" त्याचा आवाज चढला.

गोदू हातातला घास तसाच धरून सत्यवतीकडे टक लावून बघत होती. सत्यवतीचा एक गाल फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याचा थेंब ओघळलेला. गोदूने तो बोटाने टिपला आणि जिभेला लावला. खारट. खाडीचंच पाणी. पोर उठली आणि तिने उष्टा हात बापाच्या तोंडावर ठेवला.

"तिला बोलाय लावू नको, बाबा. आयच्या तोंडात अंडं हाय."

सत्यवतीच्या डोळ्यांना धार लागली. त्या हाकेला ओ द्यायला तिला तोंड उघडता येत नव्हतं.