रविवारच्या चपला

खोलीत बारा खाटा होत्या, बारा चादरी होत्या आणि दाराशी चपलांचे बारा जोड होते. शिलाईचं काम खालच्याच मजल्यावर चालायचं.

"या बायका चपला कधी घालतात?" माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस मुलीनं विचारलं.

"बाहेर जातानाच. खाली कामाला सगळ्या अनवाणी," सुपरवायझर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा आम्हीच दिल्या. दर रविवारी अख्खा बाजार पालथा घालतात. इथं कुणाला कोंडून ठेवत नाही, लिहून टाका."

"जाता ना हो मावशी?" तिनं सगळ्यांत थोरल्या बाईला विचारलं.

मावशींनी आधी सुपरवायझरकडे पाहिलं. "जातो की. फिरून फिरून पायांचे तुकडे पडतात बघा."



नव्या बायकांसाठी ठेवलेला तसलाच एक कोरा जोड तिनं मागवून घेतला. बटणांची जाडी मोजायचा कॅलिपर पिशवीतून काढून त्या जोडाच्या टाचेची जाडी मोजली. अठरा मिलिमीटर. मग ती दाराशी उकिडवी बसली आणि एकेक चप्पल उचलून मोजू लागली.

बाराही जोड अठरा मिलिमीटर भरले.