घरबसल्या मत

म्हाताऱ्यांना घरबसल्या मत देता यावं, म्हणून निवृत्त हेडमास्तरांनी दहा वर्षं वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली. यंदा अखेर सोय झाली आणि निवडणुकीच्या कर्मचारी बाई दोन मतपत्रिका घेऊन घरी आल्या.

हेडमास्तरांनी स्वतःची भरली आणि लगेच बायकोची पुढे ओढली. "हिला यातलं काही कळत नाही. मी सांगतो तिथे खूण करेल."

आजींनी पेन परत दिलं. "मी मतदानाच्या दिवशी केंद्रावरच येईन."

"आजी, केंद्र तीन गल्ल्या लांब आहे. तुमच्या गुडघ्यांना झेपेल का? इथे काय अडचण आहे?" कर्मचारी बाईंनी विचारलं.



"गुडघे दुखतातच गं. पण पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांना डोकवायला मनाई असलेली तेवढी एकच जागा आहे."