तिसरा आवाज

"फ्रिज बंद, पंखा बंद, कुणी हलायचं नाही!" ताईने लहानपणचाच हुकूम सोडला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला डिस्क नव्हती, सगळं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवलेलं; त्यावरून गाणं चढताना जराशी खरखर झाली, की सगळं पाण्यात. ताई दातांची डॉक्टर. जुनी टेप नीट वाचली जावी म्हणून तिने बारीक हत्याराने टेपरेकॉर्डरचा स्क्रू केसभर फिरवला. टेप किंचाळत संपली. धाकट्या भावाने जीव मुठीत धरून बटण दाबलं आणि दोघांनी शाळकरी वयात रचलेली धून टणाटण वाजू लागली! पण मशीन एका वेळी तीन वाद्यांचे आवाज काढायचं, त्यातले दोनच ऐकू येत होते. "तिसरा कुठाय?" "विसरलास? तुला ढोल हवा होता, मला बासरी. भांडण मिटेना, म्हणून आईने रिकामा ठेवायला लावला." ताईने कीबोर्ड सरकवला. "घाल बाबा तुझा ढोल." धाकट्याची बोटं धावली. धून पुन्हा सुरू झाली आणि तिसऱ्या आवाजात ताईचीच बासरी घुमली. ताईने दोन्ही मुठींनी टेबलावर ढोल बडवायला घेतला.