बाप्तिस्म्याचा दोर

१९५४ साल. डोमा ढिवराची लेक भागरथा तलावाच्या या काठावरून त्या काठाला सहज पोहत जायची. तरी तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी डोमानं तिच्या कमरेला जाळ्याचा दोर बांधला आणि दुसरं टोक मुठीत धरून पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभा राहिला.

"बाबा, सोड ना. लोक पाहून राह्यले," भागरथा पुटपुटली.

पाद्रीसाहेब नागपूरचे. सकाळी डोमाच्याच डोंग्यातून आले होते, दोन्ही हातांनी त्या लहानशा होडीची कड घट्ट धरून, डोळे मिटून, सारा वेळ प्रार्थना करत. आता कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते हसले.

"डोमाभाऊ, एवढा अविश्वास? सोडा तो दोर. आजपासून लेकीला प्रभूच्या हवाली करा."

डोमाचे डोळे भरून आले. तो पाण्यात उतरला आणि त्यानं लेकीच्या कमरेची गाठ सोडली.



मग तोच दोर पाद्रीसाहेबांच्या कमरेला आवळत म्हणाला, "पोरगी केली प्रभूच्या हवाली. पर पाण्यात तिले धरनार तुमी, अन् तुमाले पोहता येत नाई."