नाव काढायचा अर्ज

पहिलीतल्या लेकीचं, टेसाचं, नाव शाळेतून काढायचा अर्ज जनेलनं पर्समध्ये घडी करून ठेवला होता. डिसेंबरात टेसानं घरी फ्रेंच गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा लेकीचं एक अक्षर कळेना म्हणून जनेलला रडू फुटलं होतं. तेव्हापासून पोरगी घरात चकार शब्द काढत नव्हती. घरातली बोली इंग्रजी आणि शाळेत दिवसभर फ्रेंच, त्यानंच पोरीची वाचा बसली, याबद्दल जनेलच्या मनात शंका उरली नव्हती.

मैदानात शाळेचा वसंतोत्सव चालला होता. बर्फ भरलेल्या परातींत मॅपल झाडाच्या रसाचा गरम पाक ओतून पोरांना काडीवर गुंडाळून देणाऱ्या वर्गशिक्षिकेला तिनं गाठलं.

"मादाम, माझी टेसा मुकी झालीय हो! मी काढून घेते तिला."

"मुकी? टेसा?" मादाम हसल्याच. "अहो, तिचं तोंड बंद कसं करायचं तेवढं आम्हाला सांगून जा. ती बघा!"

पाकाच्या रांगेत टेसा हातातली काडी नाचवत फ्रेंचमध्ये काहीतरी रंगवून सांगत होती आणि पोरं खिदळत होती. जनेलला त्यातलं एक अक्षर कळेना, पण आवाज तिच्या लेकीचाच होता. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात टेसानं तिला पाहिलं. ती पोरांकडे वळून पटकन फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, आणि अख्खी रांग चिडीचूप झाली.

"काय म्हणाली ती?"

मादामचं हसू मावळलं. "जाऊ द्या हो. पोरं काहीही बोलतात."

"सांगा ना मला."

"म्हणाली, गप्प बसा सगळे, आई आलीय. आपण बोललो की ती रडते."