तिसरा खड्डा

“तिसऱ्या खड्ड्यावर ताडपत्री टाका. बाबांना तो दिसता कामा नये,” लेक फोनवर दबक्या आवाजात म्हणाली. शेजारच्या खोलीत बाबा उद्यासाठी बुटांना पॉलिश करत बसले होते.

पलीकडचा उत्खननप्रमुख, बाबांचाच जुना विद्यार्थी, “बरं, ताई” म्हणाला.

तिथे ज्या पक्ष्याचे अवशेष शोधत होते, तो माणसाहून उंच, उडता न येणारा पक्षी केव्हाच नामशेष झाला होता. कडाक्याच्या थंडीने तो संपला, असं बाबांनी हयातभर ठासून सांगितलं. माणसानेच मारून खाल्ला म्हणणाऱ्यांची ते भर सभेत खरडपट्टी काढायचे. लेकही तेच शिकवत आली. तिचं पुस्तकही नुकतंच छापून आलं होतं, बाबांचीच री ओढणारं. त्या आनंदात तिने बाबांना उत्खनन दाखवायला न्यायचं ठरवलं. आणि वेळ ठरवताना तिथल्या मदतनीस बाईंच्या तोंडून निसटलं, की तिसऱ्या खड्ड्यात चुलीची राख निघाली आहे. राखेत त्याच पक्ष्याची हाडं, दगडी पात्याने कापलेली.

पुस्तक गेलं खड्ड्यात, पण बाबांचं हृदय आधीच नाजूक. भेट रद्द करावी तर ते कारण विचारणार.

दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हात धरून उत्खननावर फिरत होती. जीव मुठीत होता. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला.

“पुढे काही खास नसेल गं,” बाबा घाईने म्हणाले. “चल, चहा घेऊ.”

तिला हायसं वाटलं. ते तंबूकडे वळले आणि तेवढ्यात वारा सुटला. तिसऱ्या खड्ड्यावरची ताडपत्री फडफडून उलटली. ती धावत जाऊन खड्ड्याच्या काठाशी पोचली.

आत ना राख दिसली, ना हाडं. खाली आणखी एक ताडपत्री होती, चारी बाजूंनी दगड ठेवून पक्की बसवलेली.

“ही कुणी टाकली?” तिने मागोमाग आलेल्या प्रमुखाला विचारलं.

त्याने तंबूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सरांनी टाकायला लावली, ताई. तुम्ही फोन करायच्या आधीच त्यांचा फोन आला होता. म्हणाले, माझ्या पोरीला हे दिसलं तर ती कोलमडेल.”